दुसऱ्याच्या नावची क्षमा

विमलाबाई भिंगारदिवे त्या घरात कामाला लागून नऊ दिवस झाले होते, तेव्हा सरांनी पहिल्यांदा त्या दुसऱ्या बाईसाठी पंचा मागितला.

"अहो, केव्हाच्या ओल्या उभ्या आहेत त्या," सर म्हणाले. "पंचा द्या त्यांना."

दुपारचे अडीच वाजले होते. विमलाबाई पलंगाच्या पायथ्याशी बसून सरांच्या पोटऱ्यांना तेल लावत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं. कपाट, कपाटाशेजारी लाकडी खुर्ची आणि खुर्चीमागे भिंतीचा कोपरा. कोणी नव्हतं.

"कोण, सर?"

"माणूस भिजलंय, एवढं दिसतंय ना? मग नावाशी काय करायचंय?"

विमलाबाईंनी हात पुसले, दोरीवरचा पंचा काढला आणि त्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नेम होता, पण खुर्चीवर पंचा टाकण्यात खोटं काही नव्हतं. सर शांत झाले आणि झोपले. संध्याकाळी निघताना विमलाबाईंनी पंचा उचलला तर तो हाताला गार, दमट लागला. जुलै महिना होता आणि शनिवार पेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर उन्हाचा एक कवडसा येत नव्हता. काहीच वाळत नसे. त्यांनी पंचा परत दोरीवर टाकला आणि चप्पल घातली. मात्र दुसऱ्या दिवसापासून त्या खुर्चीत त्या बसेनाशा झाल्या.

सर म्हणजे शरच्चंद्र गद्रे. वय एक्क्याऐंशी. उभी हयात शाळेत गणित शिकवण्यात गेलेली. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. गेल्या दोन वर्षांत स्मरणाच्या कड्या एकेक करून निखळत चालल्या होत्या. मुलगी उत्कर्षा खराडीत एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती आणि तिकडेच राहत होती. वडील पेठ सोडायला तयार नव्हते. "खराडी हे काय राहायचं ठिकाण आहे? तिथे लोक फक्त लॉगिन करतात," असं ते भानावर असताना म्हणत. म्हणून नर्सिंग ब्युरोतर्फे दिवसा विमलाबाई आणि रात्री एक पुरुष असं ठरलं होतं.

पहिल्याच दिवशी सरांनी विमलाबाईंना चष्म्यावरून न्याहाळलं होतं. "आधीच्या बाई फार बोलत. तुम्ही किती बोलता?"

"विचारलं तेवढं."

"मग टिकाल."

विमलाबाई मूळच्या राहुरीकडच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या आणि गेली बावीस वर्षं माणसांची सेवा हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलणं, जखमा धुणं, मलमूत्र काढणं. ही कामं त्या नाकाला पदर न लावता करत. आंघोळ घालताना माणसाचं अंग झाकलेलं ठेवून एकेक अवयव धुवायची त्यांची पद्धत होती. शुद्ध नसलेल्या माणसालाही लाज असते, असं त्या म्हणत. वाघोलीतल्या त्यांच्या गल्लीत लकवा झालेली एक म्हातारी होती, तिला दर रविवारी चर्चला जायच्या आधी त्या न्हाऊ घालून येत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण अशा गोष्टी लपत नाहीत. पाळकसाहेब वर्षातून दोनदा तरी उपदेशात त्यांचा दाखला देत. तेव्हा विमलाबाई मान खाली घालत, आणि त्याचाही लोक चांगलाच अर्थ घेत.

त्यातही एक गोष्ट चर्चच्या मंडळीत सगळ्यांना पाठ होती. सात वर्षांपूर्वी विमलाबाईंचे यजमान, सुदर्शन, खराडीच्या एका ऑफिसात रात्रपाळीची सिक्युरिटी करून सकाळी सायकलवरून घरी येत होते. नगर रस्त्यावर पाण्याच्या टँकरने त्यांना उडवलं. ते जागच्या जागी गेले. वर्ष व्हायच्या आत विमलाबाई उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाबद्दलचा आपला अनुभव सांगायला, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या ड्रायव्हरला मी प्रभूच्या नावाने क्षमा केली आहे." चर्चमध्ये बायका हुंदके देऊन रडल्या. पाळकसाहेबांना पुढची प्रार्थना सुचेना. त्या दिवसापासून विमलाबाई म्हणजे मंडळीत इतरांना दाखवायचं उदाहरण झाल्या.

शनिवार पेठेत सरांचं पंचा मागणं रोजचं झालं. कधी ते म्हणत, "त्यांना आत बोलवा." कधी म्हणत, "त्यांच्याकडे बघू नका, त्यांना आवडत नाही." विमलाबाई पंचा टाकत आणि आपल्या कामाला लागत. त्या वेड्या समजुतींना घाबरणाऱ्या बाई नव्हत्या. यापेक्षा चमत्कारिक गोष्टी त्यांनी म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकल्या होत्या. पण इतर म्हाताऱ्यांना दिसणारी माणसं येत-जात. ही बाई जात नव्हती. भर दुपारी, खालच्या रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत असताना, ती कोपऱ्यात असे. आणि सर तिच्याकडे पाहत ते भुताकडे पाहावं तसं नव्हे. वर्गात उत्तर न आलेला मुलगा मास्तरांकडे पाहतो तसं पाहत.

मग तो गुरुवार आला. खडकवासला धरणातून पाणी सोडलं होतं, भिडे पूल पाण्याखाली गेला होता. विमलाबाई मनपाच्या थांब्यावर बसमधून उतरल्या आणि नेहमीसारख्या नव्या पुलावरून चालत निघाल्या. नदी तपकिरी, फुगलेली, पुलाच्या कमानींना घासत चालली होती. छत्री उलटी झाली. सरांच्या घरी पोहोचेपर्यंत त्या केसांपासून पायांपर्यंत निथळत होत्या. उत्कर्षा त्या दिवशी घरूनच काम करायला वडिलांकडे आली होती. तिने दार उघडलं, आणि विमलाबाई तशाच सरांच्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

सरांनी त्यांना पाहिलं. हातातला चहाचा कप कलंडला. ते उठू पाहू लागले, उठता येईना, तेव्हा पलंगावरच त्यांनी दोन्ही हात जोडले.

"मुक्ताई," ते म्हणाले. "मुक्ताई, मी हात सोडला. मला क्षमा करा."

"सर, मी विमला," त्या म्हणाल्या. पण सर ऐकत नव्हते. "क्षमा करा, क्षमा करा," एवढंच चाललं होतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं. पाऊण तास झाला. गोळी दिली, ती त्यांनी थुंकून टाकली. उत्कर्षाचा धीर सुटला. तिने विमलाबाईंना स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"कोण ही मुक्ताई? आमच्या नात्यात कुणी नाही या नावाचं. पण ते जाऊ दे. मावशी, तुम्ही एकदा म्हणून टाका ना, केली क्षमा. शांत तरी होतील."

"ताई, ते मला नाही जमायचं."

"काय जातं तुमचं?"

"ती माझी नाही, ताई. ज्या बाईची आहे तिने द्यायची. मी दुसऱ्याच्या नावावर कशी देऊ?"

उत्कर्षाने कपाळावरचे केस मागे सारले. ती वाईट नव्हती, थकली होती. पण पेठेतली होती. "तुम्ही चर्चला जाता ना? मला वाटलं, क्षमा करणं तुमच्याकडे दर रविवारी असतं."

विमलाबाईंनी ओला पदर पिळला आणि सरांपाशी जाऊन बसल्या. सर थकून झोपेपर्यंत त्यांचे जोडलेले हात त्यांनी आपल्या हातांत धरून ठेवले.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. येरवडा गेलं, खराडीच्या काचेच्या इमारती गेल्या, तरी उत्कर्षाचं ते वाक्य उतरायला तयार नव्हतं. ते लागलं होतं, कारण ते खरं नव्हतं हे पुण्यात एकट्या विमलाबाईंना ठाऊक होतं. आणि आणखी एका माणसाला.

त्या टँकरवाल्याचं नाव उत्तरेश्वर. बार्शीकडचा. शिक्षा भोगून तो सुटला, आणि कुणीतरी त्याला सांगितलं की त्या बाईंनी तुला भर चर्चमध्ये माफ केलंय. म्हणून तो आला होता. चार वर्षांपूर्वी, एका बुधवारी, दुपारी चारच्या सुमाराला. विमलाबाई घरात मेथी निवडत होत्या. कडी वाजली. "बाई, मी उत्तरेश्वर. टँकरवाला," बाहेरून आवाज आला. विमलाबाईंचा हात मेथीच्या जुडीवर तसाच राहिला. दाराच्या फटीखाली दोन पावलांची सावली दिसत होती. त्या उठल्या नाहीत. ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत, काहीच केलं नाही. बराच वेळ ती पावलं तिथे होती. मग "बरं" असा एक शब्द आला आणि सावली गेली.

आठवड्याने तो परत आला. या वेळी बोलला नाही. नुसता पायरीवर बसून राहिला. विमलाबाई आत श्वास धरून उभ्या होत्या. त्यानंतर तो कधी आला नाही. पण सावली येत राहिली. सुट्टीच्या दिवशी चारच्या सुमाराला फटीखालचा उजेड मधोमध तुटल्यासारखा दिसे. विमलाबाईंनी फटीला गोणपाट लावलं आणि शेजारणीला सांगितलं, धूळ फार येते. एवढं एक खोटं त्यांच्या हातून रोज घडत होतं.

माणूस हात जोडून क्षमा मागतो आणि समोरून उत्तर येत नाही, तेव्हा त्याचं काय होतं, हे आज त्यांनी पाऊण तास बघितलं होतं. सरांना उत्तर द्यायचा हक्क त्यांना नव्हता. जिथे हक्क होता तिथे त्यांनी कडी काढली नव्हती.

रविवारी उपासना संपल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. केसनंद रस्त्याला टँकर भरायची एक विहीर आहे, तिथे गेल्या. व्हॉल्व्हवर दत्तोबा नावाचा एक म्हातारा बसला होता.

"उत्तरेश्वर?" दत्तोबा म्हणाला. "त्यानं गाडी कवाच सोडली. परत ष्टेरिंगला हात न्हाई लावला. फाट्यावर पंक्चर काढतोय बघा, लिंबाखाली."

लिंबाखाली एक पत्र्याची टपरी होती. चाळिशीचा, दाढी वाढलेला माणूस पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याने मान वर न करताच विचारलं, "काय झालं गाडीला?"

"गाडी नाही. मी सुदर्शन भिंगारदिव्यांची बायको."

त्याचे हात घमेल्यातच राहिले. ट्यूबमधून बुडबुडे येत राहिले, एकामागून एक.

विमलाबाईंनी बसमध्ये, चालताना, काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. त्यातलं काही आठवेना. "तुम्ही माझ्या दारात आला होतात. दोनदा," त्या म्हणाल्या.

"हां."

"मी आत होते."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"दुसऱ्या येळंला कुकर चालू हुता. दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी झाली न्हाई. कुणीतरी ग्यास बंद केला." तो अजून वर बघत नव्हता. "मला वाटलं आपलीच येळ चुकली आसंल. ज्यानं माफ केलं त्याच्या दारात परत कशाला जायचं, आसं वाटलं."

"मी माफ केलं नव्हतं," विमलाबाई म्हणाल्या. "लोकांसमोर केलं म्हणाले. तेव्हा मला खरंच वाटलं होतं की केलं. पण तुमचा आवाज ऐकला आणि मला उठता आलं नाही."

रस्त्यावरून एक भरलेला टँकर गेला, पाणी सांडत. तो दूर जाईपर्यंत दोघंही थांबले.

"आन् आता?" त्याने विचारलं. "आता केलं?"

विमलाबाईंना सोपं उत्तर देता आलं असतं. "सकाळी निघताना वाटत होतं, झालं एकदाचं," त्या म्हणाल्या. "इथे तुम्हाला बघितलं आणि पुन्हा छातीत कळ आली. पण मी आले आहे. आज करते आहे. उद्या पुन्हा करावी लागली तर पुन्हा करीन. आणि तुम्हाला पायरीवर बसवून ठेवलं, त्याची क्षमा मी तुमच्याकडे मागते."

"माझ्याकडं?" त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे लाल होते. "माझ्याकडं कुणी काय मागायचं, ताई." मग ट्यूब पुसत, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसा तो म्हणाला, "गाडी का सोडली म्हाईत हाय? तुमचं मालक काचंच्या पुढं येत्यात. दिवसा. सायकल घिऊन. रागवत न्हाईत, काय न्हाईत. नुसती घंटी वाजवत्यात. हितं बसलो तरी आयकू येती."

विमलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "त्यांच्या सायकलला घंटी नव्हती," त्या म्हणाल्या.

"आं?"

"मोडली होती. नवी घेऊ घेऊ म्हणत राहिली. ते तोंडाने ओरडायचे. सरका हो, सरका."

"मग ही घंटी कुणाची?"

"ते मला नाही माहीत."

तो हसला की रडला हे विमलाबाईंना कळलं नाही, कारण त्याने ओल्या हातांनी तोंड झाकून घेतलं. मग टपरीत जाऊन त्याने त्यांच्यासाठी स्टूल आणलं, फडक्याने पुसून ठेवलं. सुदर्शन कसे होते, एवढंच त्याने विचारलं. विमलाबाईंनी सांगितलं. चहात चार चमचे साखर घेत, गाणं बेसूर म्हणत, रात्रपाळीहून येताना रोज मला एक चाफ्याचं फूल आणत. तो ऐकत राहिला. निघताना दोघांनीही "परत भेटू" असं काही म्हटलं नाही.

सोमवारी सर पुन्हा हात जोडून बसले. "मुक्ताई, क्षमा करा."

या वेळी विमलाबाई खाली बसल्या नाहीत. कपाटाशेजारची खुर्ची सोडून, पलंगाच्या कडेला, त्यांच्या बरोबरीने बसल्या. "सर, मी मुक्ताई नाही. त्यांच्या वतीने बोलायचा मला हक्क नाही. पण काय झालं ते सांगा. मी ऐकते."

सरांचा आवाज बदलला. वर्गात उभं राहिल्यासारखा स्वच्छ आवाज.

"बारा जुलै एकसष्ट. पानशेत फुटलं. मी सतरा वर्षांचा. ही इमारत नव्हती, आमचं जुनं घर होतं या जागी. जिन्याखालच्या खोलीत मुक्ताई राहत. विधवा होत्या, लोकांचं दळणकांडण करत. कुणी नव्हतं त्यांना. पाणी आलं तशी सगळी माणसं वर पळाली. मी जिन्याच्या वळणावर होतो. खालून त्यांनी हाक मारली. छातीपर्यंत पाणी होतं. मी एका हाताने कठडा धरला, दुसरा हात दिला. त्यांनी धरला. मग कठडा कचकन वाजला."

विमलाबाईंनी घाई केली नाही.

"नंतर सगळ्यांना मी सांगितलं, हात निसटला. आई म्हणाली, पोरा, तू काय करणार होतास. सगळे म्हणाले. पण निसटला नाही, विमलाबाई. मी सोडला. कठडा तुटला नव्हता. शेवटपर्यंत तुटला नाही. एवढाच एक शब्द मी बदलला. एक चिन्ह बदललं तर सगळं गणित चुकतं, हे मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं."

दारात काहीतरी हललं. विमलाबाईंनी पाहिलं तर उत्कर्षा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

सरांनी मुलीकडे पाहिलं, मग विमलाबाईंकडे. "आता त्या क्षमा करतील?"

"मला माहीत नाही, सर. खरंच माहीत नाही. मी माझ्या देवाकडे तुमच्यासाठी मागेन. तुम्ही तुमच्या देवाकडे मागा."

सरांनी विचार केला. "दोन ठिकाणी अर्ज," ते म्हणाले. "बरं. निकाल लागेल कुठेतरी."

बाहेर आल्यावर उत्कर्षा विमलाबाईंवर उखडली. "हे उकरायची काय गरज होती? इतकी वर्षं माझे बाबा एक सरळ माणूस होते माझ्यासाठी. आता मी काय करू याचं?"

"तुमचा राग बरोबर आहे, ताई," विमलाबाई म्हणाल्या. "मला काढायचं असेल तर ब्युरोला फोन करा. पण आज त्यांच्यापाशी बसा. त्यांनी हे मला नाही सांगितलं. तुम्ही दारात आहात हे त्यांना दिसत होतं."

उत्कर्षाने फोन केला नाही. त्या संध्याकाळी ती वडिलांपाशी बसली. दोघं काय बोलली ते विमलाबाईंना कळलं नाही. त्या आपल्या वेळेला निघून गेल्या.

सर त्यानंतर तीन आठवडे होते. कोपऱ्यातली बाई गेली नाही. पण क्षमेचा धोशा थांबला. एका दुपारी विमलाबाई त्यांचे पाय पुसत असताना ते अगदी सहज म्हणाले, "आज बसल्या त्या." विमलाबाईंनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. भीती वाटली का, असं त्यांना नंतर कुणी विचारलं असतं, तर हो म्हणाल्या असत्या. पण भीतीपेक्षाही, घरात एक पाहुणी आहे आणि तिला इतकी वर्षं कुणी बस म्हटलं नव्हतं, असं काहीतरी त्यांना वाटून गेलं. श्रावणातल्या एका सकाळी, दाढी करून झाल्यावर, आरशात स्वतःकडे बघत सर गेले. उत्कर्षा तिथेच होती. सरांना शेवटची आंघोळ घालायला तिने विमलाबाईंना आत बोलावलं, आणि नात्यातल्या मोठ्या माणसांनी भुवया उंचावल्या तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्याच घालतील."

त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये साक्ष देण्याची वेळ आली तेव्हा विमलाबाई उठल्या. "सहा वर्षांपूर्वी इथे उभी राहून मी म्हणाले होते की मी क्षमा केली," त्या म्हणाल्या. "ती साक्ष खरी नव्हती. तो माणूस ते ऐकून माझ्या दारात आला आणि मी दार उघडलं नाही. दोनदा. तुम्ही सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मी ते घेत राहिले. एवढंच सांगायचं होतं."

त्या बसल्या. कुणी रडलं नाही. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. उपासनेनंतर महिला मंडळाच्या अध्यक्षा त्यांच्याजवळ आल्या. "हे सगळ्यांसमोर सांगायची काही गरज नव्हती, विमलाबाई. लोकांचा विश्वास डळमळतो अशाने." त्या वर्षीच्या मंडळाच्या यादीत विमलाबाईंचं नाव आलं नाही. पाळकसाहेबांनी मात्र दारात त्यांचा हात धरला. "किती ही नम्रता!"

"नम्रता नाही, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती आहे."

भाद्रपदात उत्कर्षाचा फोन आला. बाबांच्या श्राद्धाच्या वेळी गुरुजींना तिने आणखी एक नाव घ्यायला सांगितलं होतं. गुरुजींनी गोत्र विचारलं, नातं विचारलं. "मी म्हटलं, गोत्र माहीत नाही. नातं म्हणाल तर, बाबांच्या हातात त्यांचा हात होता." मग तिने विचारलं, "चौसष्ट वर्षांत त्यांचं नाव कुणीच घेतलं नसेल ना, मावशी?"

"तुमच्या बाबांनी रोज घेतलं, ताई," विमलाबाई म्हणाल्या.

आता त्या खराडीत एका अकराव्या मजल्यावर कामाला जातात. तिथली म्हातारी बोलत नाही, कुणाला ओळखत नाही. विमलाबाई तिला झाकून, एकेक अवयव करून न्हाऊ घालतात. रविवारी उपासनेनंतर कधी कधी त्या केसनंद फाट्याकडे जातात. उत्तरेश्वर स्टूल पुसून देतो, दोघं थोडं बोलतात. सगळ्याच रविवारी ते जमत नाही. कधी लांबून त्याची पाठ दिसते आणि छातीत ती जुनी कळ येते. अशा दिवशी त्या लिंबापाशी न थांबता सरळ पुढे चालत जातात, वळतात आणि दुसऱ्या बाजूने घरी येतात. मग पुढच्या रविवारी पुन्हा निघतात.